विश्लेषण : डॅशबोर्डवरची ‘टॉप टेन’ यादी कितपत खरी?

खरेदीच्या ॲपपासून तक्रार निवारणाच्या डॅशबोर्डपर्यंत, लाखो नोंदींचा गोषवारा क्षणात समोर येतो. पण त्यातला प्रत्येक आकडा एकेक नोंद मोजूनच आलेला असतो असे नाही. कोणता आकडा नेमका आणि कोणता अंदाजे?

ॲग्रिगेशन म्हणजे काय?

खरेदीच्या ॲपवर ‘मोबाइल’ शोधला की ब्रँड, किंमत, रेटिंग असे गट दिसतात आणि अनेकदा प्रत्येक गटापुढे संख्याही असते. शोधात सापडलेल्या नोंदींचा असा गटवार गोषवारा म्हणजे ॲग्रिगेशन. २०१० मध्ये आलेले इलॅस्टिकसर्च आणि परवान्याच्या वादानंतर २०२१ मध्ये त्यातून वेगळे झालेले ओपनसर्च ही या कामासाठी वापरली जाणारी दोन प्रमुख सॉफ्टवेअर आहेत.

उत्तर इतक्या लवकर कसे मिळते?

पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते. कोणता शब्द कोणत्या पानावर आहे, हे ती सांगते. शोधासाठी अशीच सूची वापरतात. मोजणीला मात्र उलट माहिती लागते : या नोंदीत शहर कोणते, किंमत किती? त्यासाठी प्रत्येक रकान्यातील मूल्ये वेगळी, सलग साठवलेली असतात. माहितीचा साठा मोठा असेल तर त्याचे तुकडे, म्हणजे ‘शार्ड’, केले जातात. प्रत्येक शार्ड आपापली मोजणी करतो आणि मग ती एकत्र केली जाते.

मग चूक कुठे होते?

समजा, एखाद्या शहरातील तक्रारी तीन शार्डमध्ये आहेत आणि प्रत्येकाकडून फक्त पहिले दोन विषय मागवले. पहिल्यात खड्डे ५०, पाणी ४०, कचरा ३९. दुसऱ्यात पथदिवे ५०, झाडे ४०, कचरा ३९. तिसऱ्यात गटारे ५०, डास ४०, कचरा ३९. कचऱ्याच्या एकूण तक्रारी ११७, म्हणजे सर्वाधिक. पण तो प्रत्येक ठिकाणी तिसरा असल्याने अंतिम यादीत येतच नाही!

प्रत्यक्षात इलॅस्टिकसर्च पहिल्या १० गटांसाठी प्रत्येक शार्डकडून २५ गट मागवते. नोंदीही शार्डमध्ये साधारण समान विखुरलेल्या असतात. त्यामुळे असा घोळ क्वचित होतो, पण तो अशक्य नाही. शार्ड एकच असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

आणखी कोणते आकडे अंदाजे असतात?

‘किती वेगवेगळ्या लोकांनी पाहिले’ हा त्यातला महत्त्वाचा आकडा. प्रत्येक व्यक्तीची ओळख लक्षात ठेवायची तर प्रचंड मेमरी लागते. म्हणून ‘हायपरलॉगलॉग’ या संख्याशास्त्रीय पद्धतीच्या सुधारित रूपाने अंदाज काढला जातो. सुरुवातीच्या सेटिंगनुसार ३,००० पर्यंतचा आकडा जवळपास अचूक असतो, त्यापुढे थोडा फरक पडू शकतो. मध्यक आणि इतर पर्सेंटाइलही अंदाजेच असतात. शोधात एकूण किती नोंदी सापडल्या, याची मोजणीही २०१९ च्या सातव्या आवृत्तीपासून साधारणपणे १०,००० वर थांबते. त्यापुढे ‘किमान इतक्या’ असे उत्तर मिळते.

एकूण बेरीज, सरासरी, कमाल-किमान किंवा महिनावार संख्या यांना मात्र ही अडचण नाही. कारण प्रत्येक शार्डचा हिशेब पूर्ण येतो.

यंत्रणा हे लपवते का?

नाही. यादीच्या उत्तरासोबतच चूक जास्तीत जास्त किती असू शकते आणि यादीबाहेर किती नोंदी राहिल्या, हेही येते. वरच्या उदाहरणात चुकीची कमाल मर्यादा १२० अशी येईल, म्हणजे यादीवर विसंबू नका असा थेट इशारा. मात्र डॅशबोर्ड तयार करताना हे दोन आकडे अनेकदा वगळले जातात आणि पाहणाऱ्याला फक्त स्वच्छ आलेख दिसतो.

यावर उपाय काय?

कल कळण्यासाठी अंदाज पुरेसा असतो. पण निधी कोणत्या प्रभागाला द्यायचा किंवा कोणत्या तक्रारीला प्राधान्य द्यायचे, हे अशा यादीवरून ठरत असेल तर प्रत्येक शार्डकडून अधिक गट मागवावेत किंवा सर्व गट पानापानाने पूर्ण मोजावेत. त्याला वेळ जास्त लागतो, पण आकडा नेमका मिळतो. निदान आकड्याशेजारी ‘अंदाजे’ हा शब्द तरी असायला हवा.