आधी सांडपाणी, मग गिगावॉट

जुन्या एडिनबरात वरच्या मजल्यावरून घाणीची बादली खिडकीबाहेर ओतण्याआधी 'गार्डीलू!' अशी आरोळी ठोकायची पद्धत होती. खालच्याने आपलं डोकं सांभाळावं. शहराला हा शब्द इतका प्रिय की, सांडपाण्याचा गाळ समुद्रात टाकणाऱ्या जहाजाचं नावही 'गार्डीलू'च ठेवलं. 1998 साली ते थांबलं. आता हरित हायड्रोजनच्या नावाने नवी बादली ओतायची तयारी चालू आहे, आणि तिच्यात चक्क ऑक्सिजन आहे.

शाळेतला प्रयोग आठवा. पाण्याचं विद्युत अपघटन केलं की 9 किलो पाण्यातून 1 किलो हायड्रोजन आणि 8 किलो ऑक्सिजन मिळतो. हायड्रोजनची मिरवणूक निघते. ऑक्सिजन बहुतेक ठिकाणी हवेत सोडून देतात.

आता लीथजवळच्या सीफील्डला या. एडिनबराचं सांडपाणी इथे शुद्ध होतं. घाण खाणाऱ्या जिवाणूंना जगवायला अशा केंद्रांत टाक्यांमध्ये रात्रंदिवस हवा फुंकावी लागते, आणि केंद्राची साधारण निम्मी वीज त्यातच जाते. हवेत ऑक्सिजन जेमतेम 21 टक्के. उरलेला नायट्रोजन उगाचच फुंकायचा. म्हणजे एकीकडे शुद्ध ऑक्सिजन उधळायचा आणि दुसरीकडे वीज जाळून तोच हवेतून पाण्यात उतरवायचा. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय!

माझं म्हणणं सरळ आहे: सरकारी पैसा घेणारा हायड्रोजनचा कारखाना आधी सांडपाण्याच्या केंद्राशेजारी उभा राहावा, आणि त्याचा आकार सांडपाण्याला लागणाऱ्या ऑक्सिजनवरून ठरावा.

'त्याने हायड्रोजन स्वस्त होईल' असं सांगणाऱ्यांवर मात्र विश्वास ठेवू नका. 1 किलो हायड्रोजनला 50-55 युनिट वीज लागते. सोबतच्या 8 किलो ऑक्सिजनमुळे हवा फुंकण्याची वीज वाचते ती 4 ते 8 युनिट. बचत खरी, पण चमत्कार नव्हे. शिवाय शुद्ध ऑक्सिजनसाठी टाक्या झाकाव्या लागतात. हा खर्च आहेच. पण सीफील्डच्या वासाबद्दल लीथकर वर्षानुवर्षं तक्रार करत आले आहेत, त्यांना झाकलेली टाकी नकोशी वाटणार नाही. आणि वारा पडला तरी जिवाणूंना श्वास लागतोच, म्हणून जुने पंखेही हाताशी ठेवावे लागतील.

आता ढोबळ हिशेब. 5 लाख वस्तीच्या सांडपाण्याला रोज 30 टनांच्या आसपास ऑक्सिजन लागतो. तेवढा पुरवायला अखंड चालणारं सुमारे 8 मेगावॉटचं यंत्र पुरेसं आहे. साऱ्या स्कॉटलंडची 55 लाख वस्ती धरली तरी आकडा 100 मेगावॉटच्या आतच राहतो. स्कॉटिश सरकारने 2030 साठी जाहीर केलेलं लक्ष्य मात्र 5 गिगावॉटचं, म्हणजे पन्नासपटीहून जास्त! मग पहिले 100 मेगावॉट जिथे दोन्ही वायू कामी येतात तिथेच का नकोत? ग्रिडमध्ये जागा नाही म्हणून पवनचक्क्या थांबवायची पाळी या देशावर वारंवार येते. त्या विजेला याहून शहाणं गिऱ्हाईक कोण?

'स्कॉटलंडात पाण्याचा काय तोटा?' असं कुणी म्हणेल. मान्य, इथे मुद्दा ऑक्सिजनचा आहे. पण आपल्या गावाकडे मुद्दा पाण्याचाही आहे. महाराष्ट्राने 2023 साली हरित हायड्रोजन धोरण आणलं. केंद्राचं लक्ष्य 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचं. नुसत्या रसायनशास्त्राच्या हिशेबाने त्याला साडेचार कोटी टन शुद्ध पाणी हवं. यंत्रं थंड ठेवायचं पाणी वेगळंच. टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्यांच्या राज्यात ते धरणातून घेणार?

वाट आपल्याच नागपूरने दाखवली आहे. तिथलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं. हायड्रोजनसाठी ते आणखी कितीतरी शुद्ध करावं लागेल. पण 1 हजार लिटर पाण्यातून सुमारे 110 किलो हायड्रोजन निघतो आणि त्यासाठी साडेपाच हजार युनिट जळतात. त्यापुढे पाणी गाळण्याची वीज म्हणजे चिल्लर.

मुंबई-पुण्यात सांडपाण्याची नवी केंद्रं उभी राहत आहेत. त्यांच्या शेजारची जागा आत्ताच राखून ठेवायला हवी. बिल्डरने टॉवर उठवल्यावर ती मिळायची नाही. आणि परवानगीच्या कागदावर पहिला प्रश्न एवढाच असावा: 8 किलो ऑक्सिजनचं काय करणार? उत्तर नसेल त्याला अनुदान नको.