दुकान बंद ठेवून वर्गात

नारायणगावात माझं कृषी सेवा केंद्र आहे. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी मुक्त विद्यापीठाच्या कृषी पदविकेला नाव घातलं आणि रविवारी दुकानाचं शटर ओढून अभ्यासकेंद्रावर जाऊ लागलो. शेजारच्या दुकानदारापासून सोयऱ्याधायऱ्यांपर्यंत सगळ्यांनी एकच विचारलं : वीस वर्षं औषधं विकतोयस, आता शिकायचं काय राहिलं? हा प्रश्न मला एकट्यालाच विचारला जात नाही. मंचरच्या दवाखान्यातली सिस्टर पुढच्या परीक्षेला बसते, डिंभ्याकडच्या आश्रमशाळेतले गुरुजी एम.ए.चा फॉर्म भरतात, अंगणवाडीची ताई अर्धवट सुटलेली पदवी पुरी करायला घेते, तेव्हा त्यांनाही हेच ऐकावं लागतं. म्हणून त्याचं उत्तर एकदा नीट द्यायचं आहे.

अनुभवाचा आक्षेप सगळ्यांत वजनदार, तेव्हा आधी तोच घेतो. अनुभवाला मी कमी लेखत नाही. पानावरचा करपा लवकर येणारा की उशिरा येणारा, हे मला पुस्तकाने नाही, शेतकऱ्यांच्या बांधावर उभं राहून कळलं. पण अनुभवाला ठाऊक असतं ते आजवर घडलेलं. टूटा ही टोमॅटोवरची नागअळी मूळची दक्षिण अमेरिकेतली. २०१४ मध्ये ती पुणे जिल्ह्यात सापडली. त्याआधी भारतात तिची नोंदच नव्हती, तर तिचा अनुभव असणार कुणाला? मग २०२० च्या उन्हाळ्यात ‘तिरंगा’ आला. एकाच फळावर लाल, पिवळे, हिरवे पट्टे. बाजारात त्याला कुणी हात लावेना. शेतकरी यायचा, पिशवीतून फळ काढून काउंटरवर ठेवायचा आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. एकाला मी बुरशीनाशक दिलं, दुसऱ्याला कीटकनाशक. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा काकडीवरच्या मोझॅकचा विषाणू आणि त्याच्या जोडीला आणखी विषाणू निघाले. विषाणूवर बुरशीनाशक चालत नाही. मावा तर काही सेकंद सोंड टोचतो तेवढ्यात हा मोझॅक एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. औषधाने मावा मरेपर्यंत रोग पुढे गेलेला असतो. हे मला वर्गात बसल्यावर कळलं. तोवर माझ्या वीस वर्षांच्या अनुभवाने त्या माणसांचे पैसे घेऊन झाले होते.

त्याच वर्गात एका रविवारी सरांनी टेबलावर तीन रिकाम्या बाटल्या मांडल्या. तिन्ही माझ्या दुकानात मिळणाऱ्या. कंपन्या वेगळ्या, रंगीत चित्रं वेगळी. सरांनी आम्हाला लेबलावरची बारीक अक्षरं वाचायला लावली : इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम, ॲसिटामिप्रिड. नावं तीन, पण कीटकनाशकांचा गट एकच. पांढरी माशी मरत नाही म्हणून शेतकरी परत आला की मी पहिली बाटली बदलून दुसरी द्यायचो, आणि औषध बदललं असं मनापासून समजायचो. एका गटाला माशी सरावली की त्यातल्या दुसऱ्या औषधालाही ती दाद देत नाही. त्या बाकावर बसून मी मनातल्या मनात किती गिऱ्हाइकांची नावं आठवली असतील, ते माझं मला माहीत. २०१५ साली केंद्र सरकारने नियम बदलून कीटकनाशक विक्रेत्याला शेती किंवा विज्ञानाच्या शिक्षणाची अट घातली, तेव्हा आम्ही दुकानदारांनी केवढी कुरकुर केली होती. त्या दिवसापासून त्या अटीविरुद्ध माझ्या तोंडून शब्द निघालेला नाही.

दुसरा आक्षेप, ‘मुक्तची पदवी म्हणजे फुकटची.’ १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालं तेच मुळी नेहमीच्या कॉलेजात जाऊ न शकणाऱ्यांसाठी. मोकळं आहे ते दार. परीक्षा मोकळी नाही. पुस्तकं उशिरा हातात पडतात, निकाल रखडतात, काही जण हजेरीपुरते येऊन जातात, हे मी पाहिलं आहे आणि ते सुधारलंच पाहिजे. पण कालव्याला गळती लागली तर आपण पाटकऱ्याला जाब विचारतो, कालवा बुजवत नाही.

पुन्हा बाकावर बसल्याने पत जाते म्हणाल तर बाबासाहेब आंबेडकरांकडे बघा. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक होते. ती जागा सोडून १९२० साली ते पुन्हा लंडनला विद्यार्थी म्हणून गेले. पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचं कर्ज एवढ्या शिदोरीवर. १९२३ साली डी.एस्सी. झाले, तीही रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधावर. शिकवणारा माणूस पुन्हा शिकायला बसला म्हणून त्यांची पत गेली नाही.

राहिला पैशांचा सवाल. शिकत होतो त्या काळात माझ्या गल्ल्यात भर पडली नाही, उलट काही औषधांचा खप उतरला, कारण ‘हे नको घेऊ’ म्हणायला मी शिकलो. तरी ही माझ्या धंद्यातली वाढ आहे असंच मी म्हणेन. दुकानदाराची बढती कोण करणार? त्याच्या शब्दावर शेतकरी किती विसंबतो, यावरच ती ठरते. आणि घराघरांकडे माझं एक मागणंही आहे. मला रविवार मिळाला, कारण बायकोने घरची सगळी कामं सांभाळली. तिला किंवा त्या अंगणवाडीच्या ताईला शिकायचं असेल, तर तो रविवार कोण देणार? नवऱ्याने, सासूने, गावाने तो द्यायलाच हवा. नाहीतर वर सांगितलेलं सगळं फक्त पुरुषांपुरतं राहील.

परवा येडगावचा एक पोरगा टोमॅटोचं पान घेऊन आला. कडा वळलेल्या, शिरा पिवळ्या. पंप आणि पाणी तयार आहे, फक्त औषध द्या, म्हणाला. मी पान उलटं करून भिंगाखाली धरलं, कागदाच्या पुडीत घातलं आणि त्याच्या हातात परत दिलं. म्हटलं, “आज फवारू नकोस. आधी हे कृषी विज्ञान केंद्रात दाखव, मग ये.”