पंपातली पुडी आणि पोराचा ताप



औषध लागू पडेनासे होणे म्हणजे काय, हे कापूसवाल्याला कुणी शिकवायला नको. सायपरमेथ्रिनच्या पहिल्या फवारणीला पटापट गळणारी बोंडअळी पुढे त्याच औषधात न्हाऊन बोंडे पोखरू लागली. २००२ साली बीटी आले, २००६ साली दोन जनुकांचे बीटी आले. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी अळीने बोंडे आतून खाल्लीच. अळी औषधाला सरावली, असे आपण म्हणतो. ते खरे नाही. एखादी अळी जन्मतःच वेगळी असते. बाकीच्या मरतात, ती उरते आणि पुढचे रान तिच्याच पिलावळीचे होते. (बिगरबीटीची १२० ग्रॅमची पुडी यासाठीच होती. ती किती जणांनी पेरली, हे हात वर करून सांगायला नको!)

जिवाणूंचेही असेच, पण दोन फरक आहेत. अळीची पिढी महिन्याभराची. आतड्यातला ई. कोलाय जिवाणू, पोसणी चांगली असेल तर, वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. या हिशेबाने आठ तासांत एकाचे १ कोटी ६७ लाखांवर. दुसरा फरक याहून वाईट. अळी आपला गुण फक्त पिलांना देते. जिवाणू शेजाऱ्यालाही देतो, शेजारी परक्या जातीचा असला तरी. अनेक जिवाणूंजवळ डीएनएचे एक छोटे सुटे कडे असते, त्याला प्लास्मिड म्हणतात. औषधापासून बचावाचा गुण बहुधा या कड्यावर असतो आणि त्याची नक्कल शेजाऱ्याला मिळते. सातबाऱ्याची नक्कलच म्हणा, फक्त तलाठ्याकडे हेलपाटे नाहीत.

जपानात १९५० नंतर रक्ती हगवणीचे जिवाणू एकदम चार-चार औषधांना दाद देईनात. चारही औषधांपासूनचा बचाव एका जिवाणूतून दुसऱ्यात एकदमच जातो, हे तिथल्या शास्त्रज्ञांनी १९५९ साली दाखवून दिले. म्हणजे चारांतले एकच औषध वापरत राहिले तरी चौघांचा बचाव पोसला जातो. त्या चारांत स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन होती. कपाशीच्या करप्यावर कॉपर ऑक्सिक्लोराईडबरोबर आपल्या पंपात पडते त्या स्ट्रेप्टोसायक्लिनच्या पुडीत नेमकी हीच दोन आहेत.

ही पुडी सांगत फिरणारे आम्हीच. कृषीची पदवी घेऊन बांधावर उभे राहायचे, पानावर कसलाही डाग दिसला की ‘टाका एक पुडी’ म्हणायचे. डाग बुरशीचा असेल तर तिचा काडीचा उपयोग नाही, हे आम्हाला पुस्तकातून ठाऊक होते. तरी सांगितले. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये या मिश्रणावरील बंदीचा मसुदा काढला. पण डाग बुरशीचा की जिवाणूचा हे बांधावर सांगणारा माणूस काही दिला नाही.

आणि सारे खापर शेतकऱ्यावर फोडणाऱ्यांना आमचा प्रश्न आहे. हैदराबादजवळ पाटणचेरूला औषध कारखान्यांचे सांडपाणी ‘शुद्ध’ करून सोडणाऱ्या केंद्राच्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही एवढे नसते. ते कोणत्या शेतकऱ्याने ओतले? कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटी राखून ठेवायचे औषध. त्यापासूनचा बचाव प्लास्मिडवर बसल्याचे चीनमध्ये २०१५ साली कळले, डुकरांच्या तपासणीतून. आपल्याकडे जनावरांना, कोंबड्यांना आणि त्यांच्या खाद्यात ते देण्यावर बंदी आली २०१९ साली. कराराच्या कोंबडीपालनात पिले कंपनीची, खाद्य कंपनीचे. शेड आणि कर्ज तेवढे आपले.

गोठा मात्र आपला आहे. म्हशीची कास सुजली की दुकानदार देईल ती ट्यूब, सूज उतरली की उरलेली फडताळात, आणि पुढच्या वेळी तीच. अर्ध्यावर सोडलेल्या औषधातून तगलेले जिवाणू शेणात, हातावर, घरातल्या पोरापर्यंत येतात. त्याला ताप भरला की डॉक्टर पहिले औषध लिहितो, मग दुसरे, मग तालुक्याला न्या म्हणतो. कासेचे दूध तपासून कोणते औषध लागू पडेल ते सांगण्याची सोय तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात हवी, ही मागणी जिल्हा बैठकीत ठरावासाठी घेऊ. येताना घरातल्या फडताळात सापडतील त्या अर्ध्या ट्यूबा आणि पुड्या बरोबर आणा.