रक्त नेलं, रिपोर्ट कुठाय?



आदिवासीची जमीन पाहिजे असली की नोटीस येते. आदिवासीचं रक्त पाहिजे असलं की बिस्किटाचा पुडा येतो. दोन्ही वेळेला आपल्याला विचारत कुणी नाही.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, कळवण या बाजूला सिकलसेलच्या तपासणीवरून पाड्यापाड्यात वाद चालू आहे. काही पाड्यांनी ठरवलंय, आता सुईच टोचू द्यायची नाही. संघटनेतल्या काही जुन्या कार्यकर्त्यांचंही तेच मत आहे. मला ते पटत नाही, म्हणून लिहिते. पण "अडाणी लोक सुईला घाबरतात" असं जे साहेब लोक म्हणतात, ते तर साफ खोटं आहे. दिवसभर काट्याकुट्यात राबणारा माणूस सुईला घाबरत नसतो. एकदा फसलेला माणूस सावध होतो.

आधी रोग समजून घेऊ. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. या रोगात त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात. मग सांधे ठणकतात, अंगात रक्त राहत नाही, पोर वाढत नाही. ही करणी नाही आणि लागट रोग पण नाही. आई आणि बाप दोघांकडून दोष आला तर माणूस आजारी पडतो. एकाकडूनच आला तर तो वाहक. वाहक सगळ्यांसारखाच राबतो, खातो, जगतो. उलट लहानपणी जीवघेण्या मलेरियापासून त्याचा बचाव होतो. म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया, तिथे हा दोष टिकला. आफ्रिकेत टिकला, अरबस्तानात टिकला, आपल्या सातपुड्यात टिकला. विदर्भात तो बिगर-आदिवासी समाजातही आहे. तेव्हा "आदिवासींचा रोग" म्हणणं बंद करा.

भारतात तो 1952 साली निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये सापडला. महाराष्ट्रात पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातल्या डॉ. काटे यांनी यावर कितीतरी वर्षं काम केलं. त्यांनी 2002 साली छापलं की राज्यातल्या आदिवासींत शंभरात सरासरी दहा वाहक आहेत, आणि भिल्ल, पावरा, माडिया, परधान यांच्यात वीस आणि त्याहून जास्त. असं काम झालं नसतं तर आपली पोरं कशाने झिजतात हे आपल्याला कळलंच नसतं. तपासणी पाहिजेच. माझा राग अर्धवट तपासणीवर आहे.

आमच्या पाड्यावर एका कॉलेजची गाडी आली होती. रक्त घेतलं, इंग्रजी कागदावर अंगठे घेतले. दोन पावसाळे गेले, रिपोर्ट नाही. फक्त जाता जाता कुणीतरी बोललं, "हिला सिकल आहे." पहिल्या तपासणीत नळीतलं रक्त गढूळ झालं की सिकल आहे एवढंच कळतं. वाहक की रोगी, हे इलेक्ट्रोफोरेसिस नावाच्या दुसऱ्या तपासणीने कळतं. ती झालीच नाही. पोरीचं ठरलेलं लग्न मात्र मोडलं. मुलाचं रक्त कुणी तपासायला सांगितलं? दोघंही वाहक असतील तरच प्रश्न येतो. तेव्हाही दर बाळंतपणाला आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. हे त्या गाडीतल्या शिकलेल्या माणसांना माहीत नव्हतं काय? माहीत होतं. सांगायला वेळ नव्हता.

गावाबाहेर गेलेल्या रक्ताचं पुढे काय होतं, ते अमेरिकेतल्या हावासुपाई आदिवासींना विचारा. हे ग्रँड कॅन्यन नावाच्या मोठ्या दरीत राहतात. 1882 साली सरकारने त्यांच्याकडे फक्त 518 एकर ठेवली. बाकीतली काही जमीन लढून 1975 मध्ये परत मिळाली. 1990 पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने मधुमेहाचा शोध म्हणून त्यांचं रक्त नेलं. मग न विचारता त्याच रक्तावर वेडेपणाचा अभ्यास केला, नात्यातल्या लग्नांचा केला, आणि तुमचे पूर्वज आशियातून आले असं काढलं. ते लोक मानतात की आपण त्या दरीतच जन्मलो, तिचे राखणदार आहोत. त्यांची सगळी लढाई त्यावर उभी! त्यांनी युनिव्हर्सिटीला गावबंदी केली, कोर्टात गेले. एप्रिल 2010 मध्ये युनिव्हर्सिटीने 7 लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत केलं. पापुआ न्यू गिनीच्या हागाहाई जमातीच्या एका माणसाच्या पेशींवर तर अमेरिकी सरकारने 1995 साली पेटंट घेतलं होतं. जगभर बोंब झाल्यावर 1996 मध्ये सोडलं.

आता आपल्याकडची गंमत बघा. प्रयोगशाळा लिहितात, आदिवासी या देशाचे सगळ्यात जुने रहिवासी. तोच आदिवासी वनहक्काचा दावा घेऊन प्रांत ऑफिसात गेला की विचारतात, 13 डिसेंबर 2005 च्या आधी तुझा ताबा होता याला पुरावा काय? रक्तात यांना हजारो वर्षं दिसतात, नागलीच्या प्लॉटवर चार वर्षं दिसत नाहीत. आणि नागलीची जमीन काढून घेतल्यावर पोरगं सुकलं की म्हणतात, तुमच्या रक्तातच दोष आहे.

काही पोरं म्हणतात, मग रक्ताचा रिपोर्टच दाव्याला जोडू. तसं करू नका. कायद्याच्या नियम 13 मध्ये गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो, तो जोडा. हक्क रक्तावर उभा केला तर उद्या खरा आदिवासी कोण हेही नळीत बघतील.

येत्या ग्रामसभेत ठराव घ्या. गाडी कुणाची, रक्त कशासाठी, हे मराठीत लिहून द्यावं आणि आपल्या बोलीत वाचून दाखवावं. समजेल त्या भाषेत सांगून संमती घ्यायची, असं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सूचनांतच आहे, आपण नवीन काही मागत नाही. दुसरी तपासणी झाल्याशिवाय गावात कुणाचं नाव घ्यायचं नाही. रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात, महिन्याच्या आत. फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सीयुरिया कोणत्या दवाखान्यात मिळेल ते आधी सांगावं. दुसऱ्या अभ्यासाला रक्त वापरायचं असेल तर पुन्हा ग्रामसभेत यावं. महाराष्ट्राचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकातच आहे, म्हसरूळला. तिथल्या शिकलेल्यांनी एक दिवस पाड्यावर येऊन समजावून सांगावं, हेही ठरावात लिहा.

ठरावाची एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्याला द्या, एक संघटनेच्या ऑफिसात. शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका.