नाकीडोळी नीटस!

वरपक्षाच्या मागण्यांत एक शब्द आपण इतका वापरला आहे, की त्याचा अर्थ विचारण्याचे कोणाला सुचत नाही. ‘नाकीडोळी नीटस’! म्हणजे काय? तर नाक फार लांब नको, बसके नको. कपाळ मोठे नको, हनुवटी पुढे नको. थोडक्यात, जिच्याविषयी सांगण्यासारखे काही नाही अशी मुलगी हवी. आमचे स्पष्ट म्हणणे असे, की ही सौंदर्याची मागणी नव्हे, विस्मरणाची आहे.

१८७८ साली फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज पंडिताने अनेक कैद्यांची छायाचित्रे एकाच काचेवर एकावर एक उतरवली. गुन्हेगाराचा नमुना सापडेल, ही आशा. निघाला तो मूळच्या चेहऱ्यांहून देखणा, पण कोणाचाच नसलेला चेहरा! सरासरी काढली की खुपणारे जाते खरे. परंतु ओळख पटवणारेही त्याबरोबरच जाते.

१९७९ साली अमेरिकेत लिया लाइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग करून दाखवले, की चारचौघांसारखे चेहरे ओळखताना माणसे अधिक चुकतात. वेगळे चेहरे मात्र नेमके ओळखतात. का? १९९१ साली टिम व्हॅलेंटाइन यांनी त्याची उपपत्ती मांडली. मनातली चेहऱ्यांची मांडणी एखाद्या जत्रेसारखी समजा. मध्यभागी नीटस चेहऱ्यांची दाटी. तिथे एकाला हाक मारावी तर दुसराच वळून पाहतो. कडेला उभा असलेला मात्र एकटा, म्हणून चटकन सापडतो. व्यंगचित्रकाराचे मर्मही हेच. तो लांब नाक आणखी लांब करतो आणि पाहणारा लगेच नाव घेतो!

कोणी म्हणेल, “संसाराला चेहरा लक्षात राहून काय करायचे?” मग फोटो तरी कशाला मागवता? दहा फोटो पाहून झाल्यावर “ती नाशिकची की साताऱ्याची?” म्हणून घोळ घालणारी मंडळी कोणत्या घरात नाहीत? आणि हे माप नवरदेवाला कोणी लावले आहे काय?

आता तर मोबाइलच नाक बारीक करून देतो, डोळे मोठे करून देतो. आजीकडून आलेले नाक नात बोटाच्या एका स्पर्शाने पुसून टाकते, कारण ते ‘बरे दिसत नाही’ असे तिला घरातच ऐकवलेले असते.

आयाबायांनो, या दिवाळीत घरचा फोटो काढाल तो जसा आहे तसाच ठेवा. आणि स्थळ पाहाल तेव्हा ‘नीटस’ हा शब्द यादीतून खोडा. माणूस हवे असेल, तर त्याच्या नाकासकट घ्यावे लागते!