सोनेरी पिकअपची बाजू

ओवे गावातली हळद खाऊन परतलेले आमचे खारघरचे सोसायटीवाले एक वाक्य हटकून बोलतात, "बेंजो झकास वाजवतो हो तो पोरगा, पण ते सोनेरी पिकअप न् निळे दिवे कशाला?" बोलणाऱ्याच्या अंगात जरीचा कुर्ता असतो, हा भाग वेगळा. माझं भांडण त्या 'कशाला'शी आहे.

पिकअप म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर आमच्या शाखेतल्या मंडळींना भाजीचा टेम्पो आठवतो. चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घालायचे आणि ते प्रकरण वाद्याच्या पोलादी तारांजवळ बसवायचं. तार थरथरली की वेढ्यांत वीज उपजते. फॅरेडेने हे तत्त्व १८३१ साली शोधलं, अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ते गिटारीला लागलं, आणि पुढे आपल्या बेंजोलाही. बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. तोही मूळचा १९१२ सालचा जपानी. आता त्याच्याशिवाय आगरी-कोळ्यांची हळद लागत नाही.

तर रंगाने आवाज बदलत नाही, हे मला शंभर टक्के मान्य. कव्हर जाड पितळेचं असलं तर आवाजाची वरची चमक जरा दबते. पण त्यावरचा मुलामा सोनेरी की रुपेरी, हे त्या चुंबकाला कळतसुद्धा नाही. म्हणून मुलाम्याला पैसे घालू नयेत? मग चला मिरजेला, आणि तंबोऱ्यांवरची वेलबुट्टी खरवडून काढा! पूर्वी ती हस्तिदंती असे, आता प्लास्टिकची असते. एकही स्वर तिच्यातून निघत नाही. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा कुणी 'नक्षी कशाला?' असं विचारल्याचं माझ्या कानावर नाही. तंबोरा सतरंजीवर बसतो आणि बेंजो टेम्पोत उभा असतो, एवढाच काय तो फरक.

बरं, साहेबाच्या देशात तरी काय निराळं? गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर नावाच्या गृहस्थाने १९५५ साली दोन वेटोळ्यांचा, घरघर न करणारा पिकअप केला. पुढे १९५९ च्या सुमारास काळं प्लास्टिक कमी पडलं, तेव्हा कारखान्याने हाती आलं ते मलई रंगाचं वापरलं. कुठे एक वेटोळं काळं, एक मलई. वर धातूचं झाकण, कोण बघतंय? पुढे वादकांनी झाकणं उघडली. ती टंचाई आज 'झेब्रा' म्हणून मिरवते. दोन्ही वेटोळी मलई असलेलं रूप तर डिमार्झिओ कंपनीने अमेरिकेत आपल्या नावावर नोंदवून घेतलंय. रंगाचा सातबारा! शिवाय नवं झाकण मुद्दाम घासून, जुनाट करूनही विकतात, आणि गिऱ्हाईक वर जादा पैसे देतं. आमच्याकडे घासलेली नोट काउंटरवर सरकवली तर तुम्ही आमच्या सात पिढ्या काढाल.

एका बँकेत (कुठल्या ते विचारू नका, पगार तिथूनच होतो) एका बेंजो पार्टीचा कर्जाचा अर्ज आला. कोटेशनमध्ये सोनेरी कव्हरं आणि पार्टीच्या नावाची झगमगती पाटी होती. साहेबांनी लाल पेनने दोन्ही आकडे कापले आणि शेरा मारला, 'शोभेच्या वस्तू'. त्याच दुपारी साड्यांच्या दुकानाची 'अंतर्गत सजावट' मंजूर झाली. आता मला सांगा, लग्नसराई आणि गणपती, एवढीच ज्याची कमाई, त्याला सुपारी मिळते कशावर? रात्रीच्या मैदानात कुणीतरी काढलेल्या मोबाईलच्या व्हिडिओवर! तिथे सोनं चमकलं तर पुढच्या हळदीचा फोन येतो. बी.कॉम.ला आम्हाला याच खर्चाला 'जाहिरात' म्हणायला शिकवलं होतं. वाजवणाऱ्याच्या हातात गेला की तो 'थेर' कसा होतो?

निळ्या दिव्यांबद्दलची एकच तक्रार मी ऐकून घेईन. स्वस्त सर्किट पिकअपला खेटून बसवलं तर स्पीकर गुणगुणायला लागतो. ते चार बोटं लांब बसवावं. कव्हर मात्र लोखंडाचं घेऊ नये, चुंबकाचा जोर तेच खातं. जर्मन सिल्व्हरचं घ्यावं आणि वर खुशाल सोनेरी मुलामा द्यावा. हाताच्या घामाने तो काही हंगामांनी उडतो, खालचं निकेल डोकावतं. मग पुन्हा द्यावा. लाल पेनवाल्या साहेबांच्या केबिनचा सनमायका तिसऱ्यांदा बदललाय, आणि त्याने तर एकही हळद वाजवलेली नाही.