शिकवायला जाणाऱ्यांनी आधी शिकावे

14 ऑक्टोबर 1960 ला रात्री दोन वाजता मिशिगन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना जॉन केनेडींनी विचारले, घानात जाऊन काम करायला किती जण तयार आहात? त्यातूनच 1961 मध्ये 'पीस कोअर' उभी राहिली. पहिली तुकडी शिक्षक म्हणून घानात गेली. अक्राला विमानातून उतरताच त्या तरुणांनी तिथल्या त्वी भाषेत गाणे म्हटले. लोकांना आपलेपणा वाटला.

1961 च्याच ऑक्टोबरात नायजेरियात उलटे घडले. इबादानला शिकवण्याचे प्रशिक्षण घेणाऱ्या एका स्वयंसेविकेने पोस्टकार्डावर लिहिले, की इथे सारे रस्त्यावरच राहतात, तिथेच रांधतात. कार्ड तिथल्या विद्यार्थ्यांच्या हाती पडले. निषेधाची सभा झाली. तिने माफी मागितली, तरी तिला परतावे लागले.

इंग्रजी शिकवता येते. माणसाचा मान राखणे आधी शिकावे लागते. आपली कॉलेजची मुलेमुली सुट्टीत वस्तीत वर्ग घेतात. त्यांना एवढेच सांगणे आहे: मुलाच्या घरी जा, देतील तो चहा घ्या, पण त्या घराची गोष्ट बाहेर हसून सांगू नका. सांगितलीत, तर ते पोर पुन्हा वर्गात येणार नाही.